विश्लेषण : घाटासाठी गिअर कसा निवडायचा? शर्यतींच्या बादशहाशी वाद घालणाऱ्या ‘व्हेलोसिओ’ची गोष्ट

गिअरची सायकल घ्यायला गेलेला माणूस दुकानात बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो. गिअर किती? उत्तरही आकड्यातच येतं. २१, २४, २७. पण पाठीमागे सामान बांधून घाट चढायचा असेल, तर गिअर किती आहेत यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे, हे पाहावं लागतं. तो पुरेसा हलका नसेल, तर बाकीचे २० असूनही सायकल हातानेच ढकलावी लागते.

ही साधी वाटणारी गोष्ट लोकांना पटवून देण्यात फ्रान्समधल्या एका माजी रेशीम व्यापाऱ्याचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांचं नाव पॉल द व्हिवी. सायकलस्वार मात्र त्यांना ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानेच ओळखतात. त्यांच्या विरोधात उभे होते टूर द फ्रान्सचे संस्थापक ऑन्री देग्राँज. सायकलच्या जगात त्या काळी यांच्यापेक्षा वजनदार शब्द कोणाचाच नव्हता.

रेशमाच्या गाद्यांवरून सायकलच्या सीटवर

पॉल द व्हिवी यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या गावी झाला. पुढे ते सेंट एतिएन या शहरात रेशमाच्या धंद्यात स्थिरावले. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी रिबिनी यांसाठी हे शहर प्रसिद्ध होतं. शहराच्या चारही बाजूंना डोंगर. इथला सायकलस्वार कुठेही निघाला तरी थोड्याच वेळात त्याच्यासमोर चढ येणार. व्हेलोसिओंचं पुढचं सगळं आयुष्य या भूगोलाने ठरवलं, असं म्हणायला हरकत नाही.

१८८१ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं उंच आणि मागचं अगदी लहान, अशी ती जुन्या चित्रांत दिसणारी सायकल. पैज लावून ते तिच्यावरून सुमारे ९० किलोमीटरवरच्या ला शेज द्यू या डोंगरातल्या गावी सहा तासांत पोहोचले होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

या सायकलला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाकाचा व्यास ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात सायकल ४.३ मीटर पुढे जाणार. जास्त वेग हवा असेल तर आणखी मोठं चाक घ्यायचं, आणि ते आपल्या पायांच्या लांबीपर्यंतच घेता येणार. चढासाठी वेगळं आणि सपाटीसाठी वेगळं, असं काही करायची सोयच नव्हती.

कॉव्हेंट्रीत काय दिसलं?

रेशमाच्या व्यवहारामुळे त्यांचं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला जाणं-येणं होतं. रेशमी रिबिनींचं हे जुनं गाव तोवर सायकलींचं गाव झालं होतं. १८८५ मध्ये तिथे ‘रोव्हर’ ही दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन जोडलेली सायकल तयार झाली. आजची सायकल तिचीच वंशज.

लोकांना ती पडायची भीती कमी असलेली सायकल म्हणून आवडली. पण चेनमुळे आणखी एक मोठा बदल झाला होता. एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल, हे आता केवळ चाकाच्या आकारावर अवलंबून राहिलं नाही. पुढच्या चेनव्हीलला किती दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला किती, यावर ते ठरू लागलं. दाते बदला, सायकलचा स्वभाव बदलतो.

१८८७ मध्ये व्हेलोसिओंनी रेशमाचा धंदा विकून टाकला. चालता धंदा सोडून, कुटुंबाची जबाबदारी असताना, वयाच्या ३४ व्या वर्षी त्यांनी सेंट एतिएनमध्ये सायकलचं दुकान काढलं आणि कॉव्हेंट्रीहून सायकली आणून विकू लागले. त्याच वर्षी त्यांनी एक मासिकही सुरू केलं. ते पुढे ‘ल सिक्लिस्त’ म्हणून नावारूपाला आलं. या मासिकात ते आयुष्यभर लिहीत राहिले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची सायकल बनवली, ‘ला गोलुआझ’. तीही सुरुवातीला एकाच गिअरची होती.

पाइप ओढणारा वाचक

सेंट एतिएनच्या दक्षिणेला कोल द ला रेपुब्लिक नावाची खिंड आहे. उंची ११६१ मीटर. शहराच्या वेशीपासूनच चढ सुरू होतो आणि बारा-तेरा किलोमीटर तो संपत नाही. व्हेलोसिओंसाठी हा घरचा घाट.

१८८९ मध्ये ते याच घाटात जोर लावून चढत होते. तेवढ्यात मागून एक तरुण आला आणि आरामात पाइप ओढत त्यांच्या पुढे निघून गेला. तो त्यांच्याच मासिकाचा वाचक होता, असं सांगतात. तो काही त्यांच्यापेक्षा फार बलवान नव्हता. त्याच्या सायकलचा गिअर हलका होता, इतकंच.

ही गोष्ट सांगताना काळाच्या ओघात थोडं मीठमसाला लागला असेलही. पण त्यानंतर व्हेलोसिओंनी काय केलं, याबद्दल शंका नाही. त्यांनी स्वतःच्या सायकलला पुढे दोन चेनव्हील बसवली, एक मोठं आणि एक लहान. चढ आला की खाली उतरायचं, हाताने चेन उचलायची, लहान चेनव्हीलवर टाकायची आणि पुन्हा टांग मारायची. हात काळे व्हायचे, वेळ जायचा. पण माणूस घाट सायकलवरून चढायचा. पुढे त्यांनी सायकलच्या डाव्या बाजूलाही दोन चेनव्हील लावली आणि चार गिअर मिळवले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी इंग्लंडमधून आलेल्या गिअरच्या यंत्रणा अभ्यासल्या आणि चालत्या सायकलवर चेन सरकवता येईल अशी रचना तयार करण्याच्या मागे लागले. चेनला एका चक्रावरून ‘रुळावरून उतरवून’ दुसऱ्यावर नेणारी ही यंत्रणा म्हणजे डिरेलर. हा शोध त्यांनी एकट्याने लावला, असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांच्या आधीही प्रयत्न झाले होते, आणि त्यांच्या वर्तुळातल्या जोआनी पानेल यांनी बनवलेला ‘ल शमिनो’ हा डिरेलर १९०६ च्या सुमारास बाजारात आला. व्हेलोसिओंचं काम वेगळं होतं. येईल तो गिअर सायकलला लावायचा, डोंगरात शेकडो किलोमीटर चालवून पाहायचा आणि काय चाललं, काय मोडलं हे मासिकात छापायचं. कारखानदारांना ते आवडो न आवडो.

गिअर ‘मीटर’मध्ये मोजायचा म्हणजे काय?

फ्रान्समध्ये गिअर मोजायची एक सोपी पद्धत रुळली. पायडलचा एक पूर्ण फेरा मारल्यावर सायकल किती मीटर पुढे जाते? तोच त्या गिअरचा आकडा. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर. आजच्या ७००सी सायकलच्या चाकाचा घेर ढोबळमानाने २.१ मीटर असतो. पुढे ५० दाते आणि मागे ११, तर सुमारे ९.५ मीटर. पुढे ३४ आणि मागेही ३४, तर २.१ मीटर. आकडा लहान, गिअर हलका.

आता घाटाचं गणित. समजा माणूस ७० किलोचा, सायकल १५ किलोची आणि सामान १५ किलोचं. एकूण १०० किलो. चढ ७ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर रस्त्यात ७ मीटर उंची. पायडल मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवायचं, त्याहून हळू झालं तर गुडघ्यांवर ताण येऊ लागतो.

पुढे ३९, मागे २५ असा जुन्या शर्यतीच्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर घेतला, तर एका फेऱ्यात ३.३ मीटर. ६० फेऱ्यांना वेग होतो ताशी सुमारे १२ किलोमीटर. या चढावर तेवढ्या वजनाला तो वेग राखायला साधारण २४५ वॅट शक्ती लागते. नियमित सायकल चालवणाऱ्या हौशी माणसालाही ती तासभर टिकवणं अवघड. मग फेरे ५० वर येतात, ४० वर येतात, आणि शेवटी पाय जमिनीवर येतो.

त्याच माणसाला ३४-३४ चा गिअर दिला तर वेग ताशी साडेसात किलोमीटर आणि शक्ती सुमारे १५५ वॅट. पुढे २६, मागे ३६ असेल तर एका फेऱ्यात दीड मीटर, वेग ताशी साडेपाच आणि शक्ती ११५ वॅटच्या आत. माणूस तोच, घाट तोच. चढायची एकूण उंची आणि त्यासाठी लागणारी एकूण ऊर्जाही जवळपास तेवढीच. फक्त ती जास्त वेळात वाटून खर्च होते.

हलका गिअर ऊर्जा वाचवून देत नाही, वेळ मागून घेतो. व्हेलोसिओंकडे वॅट मोजायचं यंत्र नव्हतं, पण त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष हाच होता.

देग्राँज यांना काय खटकत होतं?

ऑन्री देग्राँज स्वतः शर्यतपटू होते. १८९३ मध्ये त्यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला होता. पुढे ते क्रीडा दैनिकाचे संपादक झाले आणि १९०३ मध्ये त्यांनी टूर द फ्रान्स सुरू केली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९०२ मध्ये, टूरिंग क्लब द फ्रान्सने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची चाचणी घेतली. एकीकडे स्प्रिंटचे माजी जगज्जेते एदमों जाकलँ, एकाच गिअरच्या सायकलवर. दुसरीकडे मार्त एस ही महिला, तीन गिअरच्या गोलुआझवर. सुमारे २४० किलोमीटरच्या त्या मार्गावर मार्त एस पाय न टेकता पोहोचली आणि जाकलँ हरले, अशी नोंद सायकलिंगच्या इतिहासात आवर्जून केली जाते.

देग्राँज यांनी चाचणीचं कौतुक केलं, पण मत बदललं नाही. गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, जिंकायचं तर यंत्राच्या करामतीने नव्हे तर स्नायूंच्या बळावर जिंकावं, अशी त्यांची भूमिका होती. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. शर्यतीत कोणाचा माणूस भारी हे पाहायचं असेल, तर सगळ्यांना सारखं यंत्र देणं हा एक नियम होऊ शकतो. शिवाय तेव्हाचे डिरेलर नाजूक होते, चिखलात अडकायचे आणि चेन घासून थोडी शक्तीही खायचे. पण देग्राँज यांनी शर्यतीचा नियम सगळ्याच सायकलस्वारांच्या मर्दुमकीची कसोटी करून टाकला. आठवड्याभराचं सामान बांधून निघालेल्या कारकुनाने आणि कारागिरानेही शर्यतपटूचा गिअर का वापरायचा, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. व्हेलोसिओ नेमकं हेच विचारत राहिले.

योगायोग असा, की १९०३ च्या पहिल्याच टूर द फ्रान्सने ओलांडलेला पहिला मोठा डोंगर व्हेलोसिओंच्या घरचा होता. लियोन ते मार्सेय हा दुसरा टप्पा कोल द ला रेपुब्लिकवरून गेला. पुढच्या वर्षी याच घाटात रात्रीच्या अंधारात स्थानिक खेळाडूच्या समर्थकांनी इतर स्पर्धकांना मारहाण केली, तो किस्सा वेगळा. १९१० मध्ये टूर पिरेनीज पर्वतात शिरली, तेव्हा त्या वर्षीचे विजेते ऑक्ताव्ह लापीझ यांनाही काही चढ सायकल ढकलत पार करावे लागले. पुढची कित्येक वर्षं स्पर्धकांची युक्ती एकच होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे दाते लावायचे आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटं बसवायचं. चाक उलटायला परवानगी, चेन सरकवायला नाही!

दरम्यान, अनेक गिअरच्या सायकलींची ताकद दाखवण्यासाठी पॅरिसजवळच्या शांतलू इथे १९१३ पासून ‘पॉलिम्युल्टिप्लिए’ नावाची चढाची वेगळी शर्यतच सुरू झाली. मोठी शर्यत दार उघडत नाही म्हटल्यावर छोट्या शर्यतीने वेगळं दार काढलं.

रात्रभर सायकल, सोबत शाकाहार

व्हेलोसिओंना शर्यत जिंकण्यात रस नव्हता. त्यांना लांब जायचं असायचं. ईस्टरच्या सुट्टीत ते रात्रीच सेंट एतिएनहून निघायचे आणि दक्षिणेकडे प्रोव्हान्सच्या उन्हात जाऊन मित्रांना भेटायचे. सायकलने पर्यटन करण्यासाठी फ्रेंचमध्ये रुळलेल्या ‘सिक्लोटुरिझ्म’ या शब्दाचं श्रेयही त्यांना दिलं जातं. ते शाकाहारी होते, एस्पेरांतो भाषेचे पुरस्कर्ते होते आणि जुने अभिजात ग्रंथ वाचायचे. जाड टायर आणि लहान चाकं यांवरही त्यांनी प्रयोग केले. बारीक आणि दगडासारखा कडक टायरच वेगवान, या समजुतीला त्यांनी आव्हान दिलं होतं.

लांबच्या प्रवासासाठी त्यांनी घालून दिलेले नियम अजूनही सायकलस्वार एकमेकांना सांगतात. थांबे थोडे आणि लहान ठेवावेत. भूक लागायच्या आधी खावं, तहान लागायच्या आधी प्यावं. जेवण आणि झोप उडेल इतकं दमू नये. थंडी वाजण्याआधी कपडे चढवावेत आणि उकडायच्या आधी उतरवावेत. प्रवासात मद्य, मांस आणि तंबाखू टाळावी. पहिल्या काही तासांत, जेव्हा अंगात खूप जोर आहे असं वाटतं, तेव्हाच हात राखून चालवावं. आणि केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये.

यातले शेवटचे दोन नियम खरं तर गिअरचेच आहेत. सकाळच्या जोशात जड गिअरवर चढलेला पहिला घाट दुपारच्या तिसऱ्या घाटात वसूल होतो.

१९२२ पासून त्यांच्या सन्मानार्थ कोल द ला रेपुब्लिकच्या चढावर दरवर्षी ‘व्हेलोसिओ दिन’ साजरा होऊ लागला. सत्तरीकडे झुकलेले व्हेलोसिओ स्वतः त्यात हजर असायचे. १९३० मध्ये सेंट एतिएनमध्येच, सायकल हातात धरून रस्ता ओलांडत असताना ट्रामच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला. वय ७६.

देग्राँज यांनी १९३६ मध्ये आजारपणामुळे टूरची सूत्रं जाक गोदे यांच्याकडे सोपवली. १९३७ मध्ये डिरेलरला परवानगी मिळाली आणि त्या वर्षी रॉजे लापेबी डिरेलरच्या सायकलवर जिंकले.

मग आज सायकल निवडताना काय पाहायचं?

दुकानात मांडलेल्या सायकलींवर अजूनही शर्यतीचाच प्रभाव आहे. जड गिअर भरपूर, हलके कमी. ९.५ मीटरचा गिअर मिनिटाला ९० फेऱ्यांनी फिरवला तर वेग ताशी ५० च्या वर जातो. सामान लादलेला माणूस उतारावर त्या वेगाला पायडल मारतच नाही, ब्रेकवर बोटं ठेवून बसतो. त्याला सगळ्यात जड गिअर आठ-नऊ मीटरचा पुष्कळ झाला.

म्हणून सुरुवात हलक्या टोकाकडून करायची. मोकळ्या सायकलवर एका दिवसाची फेरी असेल आणि चढ पाच-सहा टक्क्यांचे असतील, तर अडीच मीटरच्या आसपासचा गिअर बऱ्याच जणांना पुरतो. सिंहगडासारखा तीव्र चढ असेल तर दोन मीटरच्या जवळ यावं. सामान बांधून अनेक दिवसांचा प्रवास असेल तर दीड मीटरपर्यंत जाणं शहाणपणाचं, कारण १० टक्क्यांच्या चढावर १०० किलो वजनाला ३४-३४ चा गिअरही २१५ वॅटच्या पुढे मागणी करतो. दीड मीटरच्या फारसं खाली जाण्यात मात्र अर्थ नाही. वेग चालण्याइतका झाला की सायकल डगमगायला लागते.

गिअरची संख्या इथे फसवते. पुढे तीन आणि मागे सात म्हणून २१ गिअर, पण पुढे ४८ मागे २४ आणि पुढे २८ मागे १४ हे दोन्ही गिअर तंतोतंत सारखेच. असे जुळे बरेच निघतात. याउलट पुढे एकच चेनव्हील आणि मागे ११ ते ५० दात्यांची कॅसेट असलेल्या सायकलला गिअर कमी, पण दोन टोकांमधलं अंतर मोठं. त्याची किंमत म्हणजे दोन गिअरमधल्या उड्या मोठ्या होतात. सपाट रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध जाताना एक गिअर फार हलका आणि पुढचा फार जड वाटतो. ज्याला तासन्‌तास सपाटीवर एका लयीत जायचं आहे, त्याला हे खुपतं. डोंगरात फारसं खुपत नाही.

सायकल आधीच घरात असेल, तर नवी घ्यायची गरज नसते. मागची कॅसेट मोठ्या दात्यांची बसवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. फक्त मागच्या डिरेलरला किती दात्यांपर्यंत जाता येतं आणि किती सैल चेन आवरता येते, हे मेकॅनिकला आधी विचारावं लागतं. तेवढ्याने भागलं नाही तर पुढचं चेनव्हील लहान करायचं.

व्हेलोसिओंच्या ईस्टरच्या प्रवासाची आठवण म्हणून ‘फ्लेश व्हेलोसिओ’ हा उपक्रम १९४७ पासून ओदॅक्स क्लब पॅरिसियांतर्फे घेतला जातो. तीन ते पाच सायकलींचा गट, २४ तास आणि किमान ३६० किलोमीटर. पुणे, मुंबई, नाशिकमधले हौशी सायकलस्वार ज्या ‘बीआरएम’ राइड पूर्ण करतात, त्यांनाही हाच पॅरिसचा क्लब मान्यता देतो. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, थांबे आणि जेवण धरून. सरासरी ताशी १५ किलोमीटरही नाही. पहिला येणारा आणि शेवटचा येणारा यांची नोंद सारखीच होते.